बुधवारी सहा वाजता मी आलो नव्हतो

शैला,

तू गेलीस त्याला आज तेवीस दिवस झाले. दहाव्याला गोदाकाठी गंगेवर जमलेले लोक आपापल्या कामाला लागले आहेत. मेघनाने तुझं कपाट आवरायला घेतलं, त्यात तिला एक वही सापडली. गेल्या सोमवारी ती वही घेऊन माझ्याकडे आली.

"काका, आत्याच्या सहलीची वही आहे. आम्हाला याची छोटी पुस्तिका काढायचीय. नातेवाइकांना आणि तुमच्या ऑफिसच्या लोकांना द्यायला. तुम्ही एकदा नजरेखालून घाला ना."

"घालतो."

"आणि सतरावं पान आधी बघा. त्यात तुम्ही आहात." ती हसली. सोळा दिवसांच्या सुतकी चेहऱ्यानंतर मी तिला पहिल्यांदा हसताना पाहत होतो. "तुम्ही तेव्हा तिला भेटायला गेला होतात, हे मला माहीतच नव्हतं. आत्या कधी बोलली नाही."

तुझी भाची आहे, पण स्वभाव तुझा नाही. ती समोरच्यावर लगेच विश्वास ठेवते.

वही निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी. पानाच्या एकाच बाजूला लिहिलेली, डाव्या हाताला चार बोटं समास सोडलेला. पेपरातल्या डेस्कवरची सवय. प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर वार आणि लिहायला बसलीस ती वेळ. सतराव्या पानावर लिहिलं आहे, 'बुधवार, दुपारी ४.१०.' आणि त्याखाली:

'सहा वाजता दीक्षित आला. घाटाच्या पायऱ्यांवर बसलो. त्याने मनगटावरचं घड्याळ काढून खिशात ठेवलं. म्हणाला, तुला काय काय दिसलं ते सांग. मी सांगत राहिले. तो मधे बोलला नाही. भाजलेल्या शेंगा घेतल्या. टरफलं त्याने रुमालात गोळा केली. नदीवर अंधार उतरला तेव्हा तो म्हणाला, बरं झालं बोलावलंस.'

यातली एकही गोष्ट घडलेली नाही. मी त्या बुधवारी आलो नव्हतो. हे तुला माहीत होतं, मला माहीत आहे, मेघनाला माहीत नाही. तिला शुक्रवारपर्यंत वही परत हवी होती. चौतीस वर्षं मी जे घडलं नाही ते माझ्या पानावर जाऊ दिलं नाही, निदान मला कळलं तेव्हा तरी. आता तुझं हे पान जाऊ द्यायचं की तिला खरं सांगून काढायला लावायचं, हे चार दिवसांत ठरवायचं होतं.

म्हणून मी तुझी सहल केली. मंगळवार ते गुरुवार, त्याच लॉजवर, वहीतल्या क्रमाने. ज्या दिवसाचं पान त्या दिवशीच वाचायचं, एवढा नियम घालून घेतला. सतरावं तेवढं आधी वाचून झालं होतं.

दोन वर्षांपूर्वीच्या थंडीतली गोष्ट. तुला निवृत्त होऊन सहा आठवडे झाले होते, माझं दीड वर्ष बाकी होतं. तू टेबलाच्या खणाची किल्ली परत करायला ऑफिसात आलीस, मग आपण मागच्या गल्लीत चहाला गेलो. वसईच्या बहिणीकडे जाणार का, दक्षिणेत जाणार का, असं मी विचारत होतो.

"नाशिकला जाणार," तू म्हणालीस.

"अगं, तू राहतेस कुठे?"

"सिडकोत. पंचवटीत लॉज बघितलाय. तीन दिवस."

"सहा किलोमीटर. त्याला सहल म्हणतात?"

"मग काय म्हणतात?"

"वेळ जात नाही, म्हणतात."

"तू लगेच मथळा देऊ नकोस," तू म्हणालीस आणि माझ्या बशीतलं बिस्किट उचललंस. "एकोणतीस वर्षं दुपारी दोनला ऑफिसात शिरत होते. विंचूरचा कांदा, हरसूलचा बाजार, मालेगावचे माग, सगळं मी कानाने पाहिलं. वार्ताहर फोनवर सांगायचे, मी लिहायचे. आणि नाशिक तर माझ्या पानावर नव्हतंच. ते तुझं. मला माझंच गाव एकदा परक्या बाईसारखं बघायचंय."

मी म्हणालो की त्यात बघण्यासारखं काही राहिलेलं नाही. तू म्हणालीस, "म्हणूनच. एक संध्याकाळ ये. बुधवारी सहाला, घाटावर दुतोंड्या मारुतीपाशी."

"येतो."

"येतो म्हणजे?"

"येतो म्हणजे येतो. लिहून घे."

त्या बुधवारी संध्याकाळी सात वीसला मी तुला निरोप पाठवला: 'अडकलो. उद्या बोलू.' दोन मिनिटांनी तुझं उत्तर आलं: 'बरं शे.' तुझ्या सटाण्याकडच्या बोलीतलं 'बरं आहे'. रागावलीस की तू शुद्ध पुस्तकी मराठीत बोलायचीस, म्हणून मी समजलो, राग नाही. उद्या बोललो नाही. त्यानंतर दोन वर्षं आपण फोनवर बोललो, लग्नांत भेटलो, दवाखान्यात तुझ्या पलंगाशेजारी बसून मी तुला रोज पेपर वाचून दाखवला. त्या बुधवारबद्दल तू विचारलं नाहीस. मी सांगितलं नाही.

लॉज पंचवटीतल्या एका उताराच्या गल्लीत आहे. काउंटरवरच्या गृहस्थांनी माझं आधार कार्ड उलटंसुलटं पाहिलं.

"काका, पत्ता नाशिकचाच आहे."

"हो."

"लोकल आधारला आम्ही रूम देत नाही. लफडी होतात."

"मी साठीचा माणूस आहे हो."

"वयाचं काही नसतं काका."

मी त्यांना सांगितलं की माझी एक मैत्रीण दोन वर्षांपूर्वी इथेच राहिली होती आणि तिचं कार्डही नाशिकचंच होतं. त्यांनी माझ्या खांद्यावरून दाराकडे पाहिलं.

"मॅडम मागून येतायत का?"

"नाही. त्या वारल्या."

त्यांनी कार्ड खाली ठेवलं. मग म्हणाले, "चष्म्याला दोरी लावलेल्या? वहीवाल्या? त्यांनाही मी हेच बोललो होतो. तर म्हणतात, भाऊ, मी किती लांबून आले ते तुम्हाला मी परत जाताना कळेल."

"कळलं का?"

"नाही बुवा. पण रूम दिली." त्यांनी फळीवरून किल्ली काढली. "दोनशे चार. त्यांना तीच दिली होती. गंगा दिसते खिडकीतून. जरा वाकावं लागतं."

मी वाकून पाहिलं. दोन गच्च्यांच्या मधून हातभर पाणी दिसतं. वर वाळत घातलेली एक हिरवी चादर हलली की तेही जातं.

दुपारी मी झोपलो. दुपारी झोपायची मला सवय नाही. जाग आली तेव्हा खोलीत पिवळसर ऊन होतं, खाली कोणीतरी गुजरातीत सामान मोजत होतं, दूर एक घंटा वाजत होती, आणि मी कोणत्या गावात आहे ते मला आठवेना. घाबरलो नाही. पाचेक मिनिटं तसाच पडून राहिलो. छताचा पंखा बंद होता, त्याच्या एका पात्यावर कोळ्याचं जाळं होतं आणि ते हलत होतं. तुझ्या वहीत याच खोलीतली मंगळवारची नोंद आहे: 'दुपारी उठले तेव्हा मी कोण, हे आधी आठवलं आणि कुठे, हे नंतर. मधला वेळ फार छान होता.' असलं वाक्य मी तुझ्या बातमीत पाहिलं असतं तर कापलं असतं. आता ते मला तपासता आलं. बरोबर आहे.

मग पूल ओलांडून जुन्या नाशकात गेलो. चढाच्या गल्ल्या, पायऱ्यांची दारं, एका दारात वाळत घातलेले सांडगे. मी या गल्ल्यांच्या बातम्या चौतीस वर्षं लावल्या. पाण्याची ओरड, पडलेली भिंत, मिरवणुकीचा मार्ग. प्रत्येक नाव माहीत आणि एकाही वळणानंतर काय येणार ते माहीत नाही, असं चालत होतो. नकाशा पाठ असलेला माणूस रस्ता चुकतो तेव्हा त्याला विचारायचीही चोरी असते. दोनदा चुकलो. दुसऱ्यांदा चुकून ज्या बोळात शिरलो तिथे भिंतीत एक देवळी होती, तीत कोणीतरी पणती लावून गेलं होतं, आणि आजूबाजूला माणूस नव्हतं. तुझ्या वहीत तो बोळ नाही. तुला सांगण्यासारखी ही माझी एकच गोष्ट.

तांबटांची आळी तुझ्या वहीत दोन पानं आहे. 'ठोकण्याचा आवाज एका दुकानातून सुटतो, दुसऱ्याला लागून परत येतो. मधोमध उभं राहिलं की आपण एखाद्या हंड्याच्या आत उभे आहोत असं वाटतं. बाहेरून कोणीतरी आपल्याला गोल करत आहे.' मी गेलो तेव्हा एकच माणूस ठोकत होता. मी समोरच्या ओट्याशी उभा राहिलो. अकरा मिनिटं. त्याने मान वर केली.

"काय पाहिजे काका?"

"काही नाही. ऐकतोय."

"ऐका, ऐका. त्याला जीएसटी नाही."

तो पुन्हा ठोकायला लागला. एकाच ठोक्याच्या आवाजाने हंडा होत नाही, त्याला चारी बाजू लागतात. तुझ्या वेळेला चारी बाजू असतील. मी तसं गृहीत धरलं, पडताळलं नाही.

सतराव्या पानावरची ४.१० ही वेळ बाहेरच्या माणसाला चूक वाटेल. दुपारी चारला लिहिताना सहाला काय झालं ते भूतकाळात कसं लिहिणार? आपल्या धंद्यातल्या माणसाला यात काही विचित्र दिसणार नाही. डाक आवृत्तीची पानं संध्याकाळीच छपाईला सुटायची, गाड्या तालुक्यांना निघायच्या. सहाच्या उद्घाटनाची बातमी उद्या वाचकाला मिळायची असेल तर ती चारला निमंत्रणपत्रिकेवरून लिहावी लागे. फीत कापण्यात आली, दीपप्रज्वलन झाले, आभार मानले. आपण सगळ्यांनीच ते केलं. तू त्यात सगळ्यांत चांगली होतीस. पत्रिकेत नसलेलं भाषणसुद्धा तू पाहुण्यांच्या तोंडी घालायचीस.

तो वाचनालयाचा दिवस तुला आठवत असेल. पाहुण्यांची गाडी घाटातच बंद पडली, समारंभ पुढे ढकलला गेला, आणि दुसऱ्या दिवशी आपल्या पेपरात पाहुणे दोन परिच्छेद बोलले होते. सकाळी त्या गावच्या वार्ताहराचा फोन आला. तू स्पीकरवर टाकलास.

"ताई, पाहुणे आलेच नाय. पण भाषण लय भारी झालं म्हणतायत लोक."

सगळं डेस्क हसत होतं. दुपारी पाहुण्यांचाही फोन आला. त्यांना भाषण आवडलं होतं.

मी हसलो नाही. मी दोन ओळींची दुरुस्ती लिहिली आणि पहिल्या पानावर लावायला दिली. तू माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिलीस.

"कुणाचं नुकसान झालं रे यात?"

"प्रश्न नुकसानाचा नाही. घडलं नाही ते आपण छापलं."

"भाषण त्यांच्यापेक्षा बरं होतं की नाही, एवढं सांग."

"तोही प्रश्न नाही."

"दीक्षित, तुझ्याकडे एकच प्रश्न आहे आणि तो तू सगळ्यांना विचारतोस."

दुरुस्ती लागली. तू माझ्याशी आठवडाभर पुस्तकी मराठीत बोललीस: 'कृपया ते पान इकडे द्यावे.' आठव्या दिवशी माझे वडील गेले. पुढचे तेरा दिवस तू तुझं पान सोडून झालं की माझ्या खुर्चीत बसून माझंही पान लावलंस. मी परत आलो तेव्हा टेबल जसंच्या तसं होतं, पेनसुद्धा. त्या तेरा पानांत मी चुका शोधल्या. सवयीने. सापडल्या नाहीत. तुला तसं सांगायला हवं होतं. मी 'आलो' एवढंच म्हणालो आणि तू उठून तुझ्या जागेवर गेलीस.

बुधवारी सकाळी खिडकीतून वाकून पाहिलं तर पाणी नव्हतंच. धुकं होतं. साडेसातला खाली उतरलो. घाटावर बाजार बसत होता. आधी नुसते आवाज होते, गोणपाट झटकल्याचा, तराजूच्या साखळीचा, कोणाच्या तरी खोकल्याचा. मग धुक्यातून एकेक रंग बाहेर आला. आधी गाजरं दिसली. मग मेथी. मग शेवंतीचा एक पिवळा ढीग, आणि त्यामागे बसलेली बाई सगळ्यांत शेवटी.

"काय देऊ भाऊ?"

"शेवंती."

"देवाला का घरी?"

मला माहीत नव्हतं. तुझ्या वहीत फक्त 'मखमलाबादकडच्या बाईकडून शेवंती घेतली' एवढंच आहे. मी म्हणालो, "संध्याकाळी घाटावर बसायचंय."

"मंग बसा की. बसायला फुलं काय करायची?" ती हसली, तरी ओंजळभर फुलं कागदात घातली. "आमचा मळा हाय तिकडं मखमलाबादच्या अंगाला. पहाटे तोडाया गेलो तर हाताला फूल लागायचं, दिसायचं नाय. लय धुकं. तुम्ही कुठले?"

"नाशिकचेच."

"मंग सकाळ सकाळ पाहुण्यावानी काय फिरताय?"

या प्रश्नाला तू नक्की काहीतरी उत्तर दिलं असतंस. मी फुलं घेतली.

दिवसभर मी काही केलं नाही. हे लिहायला मला अवघड जातं, कारण काही न केल्याची नोंद कशी करायची ते मला कोणी शिकवलेलं नाही. एका देवळाच्या ओवरीत बसलो. ऊन एका खांबावरून दुसऱ्या खांबावर गेलं. शेजारी एक म्हातारे गृहस्थ पोथी मांडीवर ठेवून झोपले होते, त्यांचा ओठ हलत होता, बहुतेक झोपेतही वाचत होते. कबुतरं उडायची तेव्हा सगळं आवार वर उचलल्यासारखं वाटायचं आणि ती बसली की परत खाली यायचं. तू लिहिलं आहेस, 'इथे वेळ पाण्यासारखा नाही, पिठासारखा आहे. बोटं फिरवली की मऊ लागतो.' तुझ्या सगळ्या वहीत मला न पटलेली हीच एक उपमा. वाद घालायला तू हवी होतीस.

पाच बावन्नला मी दुतोंड्या मारुतीपाशी पोचलो. पुराच्या दिवसांत आपण सगळ्यांनी त्याच्याच अंगावर पाणी मोजलं. गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. आता नदी त्याच्या पायाशी होती आणि तो कोरडा उभा होता. पायऱ्यांवर बसलो. तुझ्या पानात लिहिलं आहे म्हणून घड्याळ काढून खिशात ठेवलं. चार मिनिटांनी किती वाजले ते बघायला परत काढलं. पुन्हा ठेवलं. शेंगा घेतल्या. टरफलं रुमालात ठेवायची राहिली आणि पायऱ्यांवर पडली, ती वेचत बसलो. त्या पानातला माणूस जे सहज करतो ते मला क्रमाने करावं लागत होतं आणि तरी जमत नव्हतं.

तेव्हा मला ते पान नीट कळलं. तू मला बदललं होतंस. फार नाही. माझं घड्याळ काढलंस, माझं मधे बोलणं काढलंस, आणि एक वाक्य घातलंस: 'तुला काय काय दिसलं ते सांग.' तीस वर्षांत मी तुला पानात काय लागलं, किती ओळी, कोण म्हणालं, कधी देणार, हे सगळं विचारलं. हे विचारलं नव्हतं.

दिवे लागले. पलीकडच्या काठावरचे दिवे पाण्यात आधी लांब झाले आणि मग तुटले. कोणीतरी सोडलेला द्रोण फिरत फिरत मारुतीच्या पायाशी येऊन थांबला, पुन्हा निघाला. तुझा आवाज मला ऐकू आला, असं लिहिणं चुकीचं ठरेल. आवाज नव्हता. पण साडेसहाच्या सुमारास माझ्या लक्षात आलं की मी बराच वेळ कान देऊन बसलो आहे आणि माझ्या मनात एकही प्रश्न नाही. शेवंती मांडीवर होती. उठलो तेव्हा ती तिथेच पायरीवर ठेवली.

गुरुवारी सकाळी शेवटचं पान उघडलं. 'गुरुवार, सकाळी ७.४५. चहा आला. कालचं पान वाचून काढलं. एक अनुस्वार राहिला होता, तो दिला. बाकी तसंच.'

मी सतरावं पान खिडकीशी नेलं. पान निळ्या शाईत आहे. 'पायऱ्यांवर'मधला अनुस्वार काळ्या शाईचा आहे. म्हणजे गुरुवारी सकाळी, मी न आल्याला तेरा-चौदा तास झाल्यावर, तू पेन घेऊन ते पान ओळीओळीने तपासलंस. राहिलेला अनुस्वार दिलास. पानातल्या मला हात लावला नाहीस. तू विसरली नव्हतीस, नजरचूक नव्हती. एकोणतीस वर्षं पानं पास करणाऱ्या बाईने ते पान पास केलं होतं.

मी लॉजच्या पलंगावर बसून रडलो. साधारण दहा मिनिटं. मग तोंड धुतलं आणि मेघनाला फोन लावला.

"मेघना, सतराव्या पानाबद्दल बोलायचंय. त्या बुधवारी मी आलो नव्हतो."

तिच्या मागे कुकरची शिट्टी झाली.

"म्हणजे आत्याने खोटं लिहिलं?"

"दुपारी लिहिलं होतं तिने. मी येणार म्हणून. मी गेलो नाही."

"मग ते पान काढू का, काका?"

"नको. राहू दे."

"मग खाली टीप घालायची? तुम्ही नेहमी म्हणता ना, दुरुस्ती..."

"टीप नको. तिने वाचून ठेवलेलं पान आहे. त्यात आपण काही घालायचं नाही."

"बरं." ती थांबली. ती विचार करताना तू करायचीस तसा श्वास सोडते, हे मला फोनवर पहिल्यांदा कळलं. "पण मग मला कशाला सांगितलंत? मला बरं वाटत होतं ना, तुम्ही गेला होतात म्हणून."

मी तिला म्हणालो, असंच. कोणाला तरी माहीत असावं म्हणून. ते पुरेसं उत्तर नव्हतं. खरं उत्तर तिला द्यायचं नव्हतंच, ते तुझं आहे. आणि त्याला दोन वर्षं उशीर झाला आहे.

त्या बुधवारी माझं पान पाच वाजून चाळीस मिनिटांनी सुटलं होतं. त्यानंतर काहीही काम नव्हतं. कोणी बोलावलं नाही, कुठली मोठी बातमी आली नाही. ऑफिसापासून घाट रिक्षाने पंधरा मिनिटं. मी खुर्चीत बसून राहिलो. तुझ्या रिकाम्या टेबलाकडे पाहत होतो, आणि मला एवढंच सुचत होतं की आता तुझ्याकडे बातमी नसेल, माझ्याकडे पान नसेल, मग आपण एकमेकांशी काय बोलायचं? आपल्यामध्ये काम नसताना तुझ्यासमोर कसं बसायचं ते मला येत नव्हतं. ते तुला सांगायची लाज वाटली, म्हणून सात वीसपर्यंत थांबलो आणि एक खोटा शब्द लिहिला.

तुझ्या पानात दुरुस्ती करण्यासारखं काही नाही. माझ्या निरोपात आहे. शैला, मी अडकलो नव्हतो.